आत्म्याचं माप आधी विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल.

वडील ज्येष्ठात गेले. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला, तासभर वाट पाहिली, कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून क्रिया उरकली. बाराव्याला सपिंडी झाली, गुरुजी म्हणाले, "आता ते पितर झाले." वेंगुर्ल्याचे मामा पर्तगाळी मठाचे, म्हणजे मध्वमताचे शिष्य. ते म्हणाले, "भाऊजी वैकुंठाला गेले." डोंबिवलीच्या चुलतभावाने गीतेतला जुन्या वस्त्रांचा श्लोक म्हणून दाखवला आणि सांगितलं की काकांनी एव्हाना दुसरा जन्म घेतलासुद्धा असेल. आणि तुम्ही स्वतः गेली काही वर्षं वेदान्ताची प्रवचनं ऐकता. तिथे ऐकलंत की आत्मा कुठे जात नाही आणि कुठून येत नाही. आता तुम्ही विचारता, या चौघांत खरं कोण? आणि पुढल्या ज्येष्ठात वर्षश्राद्ध करायचं ते नक्की कोणासाठी?

मी सिंधुदुर्गात तीस-बत्तीस वर्षं भिक्षुकी करतो. पाठशाळेत याज्ञिकी शिकलो. पुढे एका वृद्ध शास्त्रीबुवांकडे चार पावसाळे बसून तर्कसंग्रह, म्हणजे न्यायाचं पहिलं पुस्तक, आणि ब्रह्मसूत्रांच्या भाष्याचा काही भाग वाचला. पावसाळेच, कारण बाकीच्या महिन्यांत त्यांना आगरातून आणि मला लग्नमुंजींतून सवड नसे. तेव्हा पंडित म्हणून सांगत नाही. ज्याला दर आठवड्याला कोणाच्या तरी खळ्यात बसून या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं, असा माणूस म्हणून सांगतो.

तुमच्या चौघांपैकी खोटं कोणीच बोललेलं नाही. घोटाळा असा की चौघांनी चार निराळ्या वस्तूंना आत्मा म्हटलंय. 'वडिलांचा आत्मा कुठे आहे' हा तुमचा प्रश्न, पण शास्त्रात 'कुठे'च्या आधी 'केवढा' विचारतात. आत्म्याचं परिमाण काय, म्हणजे माप काय? तो अणुएवढा, शरीराएवढा, की सगळीकडे भरलेला? हे वाचून हसू येईल. मलाही पहिल्या पावसाळ्यात आलं होतं. पण जन्म, मरण, पुनर्जन्म, मोक्ष यांबद्दल कोणतं दर्शन, म्हणजे तत्त्वज्ञानाचं कोणतं घराणं, काय म्हणणार हे निम्म्याहून जास्त या मापावर ठरतं. जी वस्तू सगळीकडे आहे ती जाणार कुठे? आणि जी अणुएवढी आहे ती इथून उठून तिथे खरोखरच जाऊ शकते.

स्मशानातलं मडकं आठवा. तुम्हीच खांद्यावर घेतलं असणार. चितेभोवती एकेक फेरी झाली की मागून कोणीतरी अश्म्याने, म्हणजे दगडाने, त्याला भोक पाडतं, पाण्याची धार लागते, आणि तिसऱ्या फेरीनंतर मागे न बघता ते खांद्यावरून टाकायचं. मडकं फुटतं. आता त्याच्या पोटात जी पोकळी होती ती कुठे गेली? कुठेच गेली नाही. मडकं खांद्यावर फिरत होतं तेव्हाही पोकळी फिरत नव्हती, मडकंच फिरत होतं. अद्वैताचा घटाकाशाचा दृष्टान्त तो हाच. त्या क्षणी कोणाच्या डोक्यात वेदान्त नसतो हे खरं, आणि नसावाच.

आता दुसऱ्या मापाचं उदाहरण. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेंगुर्ल्याकडून एसटीने आलात तर आरवली-आसोलीच्या बाजूच्या बायका सुरंगीचे वळेसार, म्हणजे गजरे, घेऊन चढतात. टोपली पुढच्या दाराशी असते आणि वास मागच्या बाकापर्यंत येतो. बाई उतरून गेली तरी पुढच्या दोन थांब्यांपर्यंत तो गाडीत असतो. गीतेच्या पंधराव्या अध्यायात जीव शरीर सोडताना मन आणि इंद्रियं कशी नेतो ते सांगताना हाच दाखला आहे: 'वायुर्गन्धानिवाशयात्', वारा फुलातून वास उचलून नेतो तसा. इथे काहीतरी खरंच निघतं आणि खरंच दुसरीकडे पोचतं.

एकात काहीच हलत नाही, दुसऱ्यात हलतं. सगळी दर्शनं या दोन चित्रांच्या अलीकडे-पलीकडे उभी आहेत.

नैयायिकांपासून सुरू करतो, कारण शास्त्रीबुवांनी मला तिथूनच सुरू केलं होतं. न्याय आणि वैशेषिक म्हणतात, आत्मे अनेक आहेत आणि प्रत्येक आत्मा विभु आहे, सर्वत्र आहे. म्हणजे तुमचे वडील, तुम्ही आणि मी, तिघांचेही आत्मे या क्षणी सगळीकडे आहेत. मग मेल्यावर जातं काय? मन. मन त्यांच्या मते अणु आहे. ते एका शरीराशी जोडलेलं असतं तोवर तिथला भोग, सुटून दुसऱ्या शरीराशी लागलं की तिथला. आत्मा जागच्या जागी. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. नैयायिकांच्या आत्म्याला स्वभावतः ज्ञान नाही. ज्ञान हा त्याच्यात उपजणारा गुण, मनाशी संयोग झाला की येतो, नाहीतर नाही.

पुनर्जन्माला त्यांचा पुरावा मला फार आवडतो. नुकतं जन्मलेलं मूल दूध मागतं. कधी प्यायलं नाही, कोणी शिकवलं नाही, मग ही ओढ कुठली? मागच्या जन्मीच्या सवयीची, असं न्यायसूत्र म्हणतं. आमच्या गोठ्यात गाय व्यायली की मी हे बघतो. वासरू अजून ओलं असतं, चारही पाय चार दिशांना जातात, दोनदा तोंडावर पडतं, पण अर्ध्या तासात नाक आचळाच्या दिशेला लागलेलं असतं. सूत्रकारांनी यावरची शंकाही स्वतःच घेतली आहे, की लोखंड लोहचुंबकाकडे ओढलं जातं तसं हे का नसेल? आणि मग तिचं खंडन केलंय. माझा मुलगा जीवशास्त्र शिकला. तो म्हणतो, बाबा, ही अंगातच उतरलेली उपजत प्रवृत्ती, तिला मागचा जन्म लागत नाही. त्याला गप्प करता येईल असं उत्तर माझ्याजवळ नाही. पण शंका आधी स्वतः मांडायची आणि मग पुढे जायचं ही पद्धत मात्र मी त्याच ग्रंथातून शिकलो.

न्यायाचा मोक्ष म्हणजे अपवर्ग, दुःखापासून कायमची सुटका. पण मनाशी संयोगच उरला नाही तर सुख नाही आणि जाणीवही नाही. बाराव्या शतकात श्रीहर्षाने नैषधीयचरितात यावर मस्त टोला हाणलाय. शहाण्या माणसांना मुक्ती म्हणून जो दगडपणा शिकवतो तो न्यायसूत्रकार गोतम नावाप्रमाणेच आहे, असं तो एका पात्राच्या तोंडून म्हणवतो. 'गो-तम' म्हणजे बैलांतला श्रेष्ठ बैल! शास्त्रीबुवा हे सांगताना दर वेळी पोट धरून हसायचे आणि मग गंभीर होऊन म्हणायचे, "पण दाढ दुखत असताना दगड व्हायला कोण नको म्हणेल?"

सांख्यांकडे आलो की तुमच्या भावाचं उत्तर नीट लागतं. त्यांचा पुरुष नुसता बघणारा. तो काही करत नाही, कुठे जात नाही. पुरुष अनेक, पण सगळे असेच. फिरतं ते लिंगशरीर: बुद्धी, अहंकार, मन, दहा इंद्रियं आणि पाच तन्मात्रं म्हणजे सूक्ष्म भूतं, अठरांचं गाठोडं. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत दोन शब्द आहेत, 'नटवद्व्यवतिष्ठते', नटासारखं वागतं. आपल्या मुलखात याला टीप लागत नाही. जत्रेत रात्रभर दशावतार बघितलाय ना? जो रात्री संकासुर असतो तो उजाडता उजाडता देवळामागच्या पडवीत तेल लावून तोंडाचा रंग पुसत चहा पीत बसलेला दिसतो. पुढच्या जत्रेत तोच राजा, त्याच्या पुढच्या जत्रेत बाई. गाठोडं तेच, सोंगं निराळी. आणि बघणारा? तो तर घोंगडी पांघरून समोर बसलाय, त्याला कधीच रंग लागला नव्हता. म्हणून कारिका म्हणते, पुरुष बांधला जात नाही, सुटत नाही, संसरतही नाही, म्हणजे जन्मोजन्मी फिरतही नाही. प्रकृतीच बांधली जाते आणि प्रकृतीच सुटते. खेळ पाहून झाला की नर्तकी आपण होऊन थांबते, हाही दाखला तिथलाच.

योगदर्शन बव्हंशी याच जमिनीवर उभं आहे. पतंजलींची भर आहे ती उपायांची आणि ईश्वराची. त्यातलं एक सूत्र मात्र माझ्या धंद्यात रोज भेटतं. जगण्याची चिकट ओढ, जिला ते अभिनिवेश म्हणतात, ती विद्वानालाही सुटत नाही. नव्वदीच्या म्हाताऱ्यांनी "आता बोलाव रे देवा" म्हणता म्हणता औषधाची वेळ बरोबर लक्षात ठेवलेली मी पाहिली आहे.

आता पूर्वमीमांसा. तुमच्या वर्षश्राद्धाचं घर खरं म्हणजे हे, आणि वेदान्ताची प्रवचनं ऐकणारे लोक नेमके इथेच अडखळतात. मीमांसकाला आत्मा नित्य हवा, कारण यज्ञ आज केला आणि फळ मेल्यावर मिळायचं, तर ते भोगायला कोणीतरी टिकलं पाहिजे. मधल्या काळात कर्म कुठे राहतं? त्यातून 'अपूर्व' नावाची शक्ती उपजते, ती राहते. जैमिनींच्या सूत्रांत जोर स्वर्गावर आहे. मोक्षाची चर्चा पुढच्या मीमांसकांनी वाढवली. सांगायचं हे की श्राद्ध हे विधी मानणाऱ्यांच्या घरातलं कर्म आहे. त्याला अद्वैताच्या तराजूत घालून 'आत्मा तर जातच नाही, मग जेवतो कोण' असं विचारणं म्हणजे भाताच्या पायलीने कापड मोजण्यासारखं.

नास्तिक चार्वाकाने हा प्रश्न फार आधी विचारून ठेवलाय, आणि तुमच्यापेक्षा तिखट. चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात त्याच्या तोंडचा श्लोक आहे: मेलेल्यांचं पोट जर श्राद्धाने भरत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून द्यायची? घरीच त्याच्या नावाने जेवा! रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालेल्याच्या पिशवीत आई घावने आणि चटणी कोंबते तेव्हा मला हा श्लोक हटकून आठवतो.

राहिला वेदान्त. इथे भांडण अगदी उघड आहे, आणि तेही एकाच पुस्तकावरून. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात 'उत्क्रान्तिगत्यागतीनाम्' असं सूत्र येतं. श्रुतीत जीवाचं निघणं, जाणं आणि परत येणं सांगितलंय, म्हणून तो अणु असला पाहिजे. पुढे दाखले येतात. चंदनाचा एक थेंब एका जागी लावला तरी सगळ्या अंगाला गार वाटतं. वास फुलाबाहेर पसरतो. शंकराचार्य म्हणतात, ही दहा सूत्रं समोरच्या पक्षाचं म्हणणं आहे, खरं उत्तर पुढच्या सूत्रात. जीव वस्तुतः ब्रह्मच आहे, विभु आहे, आणि बुद्धीच्या उपाधीमुळे, म्हणजे मडक्यामुळे पोकळी लहान दिसते तसं, त्याला लहान म्हटलंय, जाण्यायेण्याची भाषाही त्या उपाधीची. रामानुजाचार्य म्हणतात, छे, हीच सूत्रं म्हणजे सिद्धान्त. जीव खरोखरच अणु आहे, ईश्वराचा शेष, म्हणजे त्याच्या अधीन, आहे आणि खरोखरच जातो. मध्वाचार्यांकडेही जीव अणुच, आणि ईश्वराहून, इतर जीवांहून, जडाहून कायमचा वेगळा. मुक्त झाल्यावरही तो भेद जात नाही. इतका की मोक्षातल्या आनंदातही पायऱ्या आहेत, ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे.

म्हणजे तुमचे मामा जेव्हा 'वैकुंठाला गेले' म्हणतात तेव्हा 'गेले' हे क्रियापद त्यांच्या संप्रदायात अक्षरशः खरं असू शकतं. कोणीतरी गेलं, कुठेतरी पोचलं, आणि तिथेही 'कोणीतरी' म्हणूनच आहे. तुमचं घर मात्र तुम्ही लिहिल्याप्रमाणे कवळे मठाचं. ती गौडपादाचार्यांची परंपरा मानणारी, अद्वैताची गादी. तिथे 'गेले' हे व्यवहारापुरतं. ज्याला ज्ञान झालं त्याच्याबद्दल बृहदारण्यक म्हणतं, त्याचे प्राण निघतच नाहीत, तो ब्रह्मच असतो आणि ब्रह्मच होतो. त्यामुळे अद्वैतात जिवंतपणी मुक्त होता येतं, आणि रामानुज हे मानत नाहीत, त्यांच्याकडे मुक्ती देह पडल्यावरच. तुमच्या आईच्या माहेरी एक मठ आणि सासरी दुसरा, आणि दोन्हींचा वाद तुमच्या माजघरात तेराव्याच्या जेवणावर झाला. यात नवल काहीच नाही. आपल्याकडे अशी कितीतरी घरं आहेत आणि सोलकढी दोन्ही बाजूंना सारखीच होते.

आता भावाचा मुद्दा, 'एव्हाना जन्म घेतलासुद्धा'. इथे उपनिषदांतच दोन चित्रं आहेत. बृहदारण्यकात गवतावरच्या जळूचं चित्र. ती पात्याच्या टोकाला पोचते, पुढचं पातं पकडते, मग मागचं अंग ओढून घेते. घाटउतारावर श्रावणात चाललात तर हे उकिडवं बसून बघता येतं. फार वेळ बसू नका, ती तुमच्याच पायाचं पातं करते. या हिशेबाने पुढचं शरीर धरल्याशिवाय हे सुटतच नाही, मध्ये वेळ जातच नाही. पण छांदोग्यात लांबचा रस्ता आहे. कर्म करणारे धुराच्या वाटेने, रात्र, कृष्णपक्ष, दक्षिणायन करत पितृलोकाला आणि तिथून चंद्राकडे जातात. पुण्य संपलं की परत आकाश, वारा, धूर, अभ्र, मेघ, मग पाऊस, मग भात, जव, तीळ, उडीद. तिथून कोणाच्या तरी पोटात, आणि मग गर्भ.

आषाढात लावणीच्या दिवसांत मी हा भाग वाचतो तेव्हा समोरच्या भाताच्या कुणग्यांकडे बघण्याची माझी नजरच बदलते. लोक लगेच विचारतात, मग कांडताना त्या जीवाला लागत नाही? ब्रह्मसूत्रकारांनी याचाही विचार केलाय: तो भात म्हणून जन्मलेला नसतो, दुसऱ्या जीवाने व्यापलेल्या रोपात पाहुण्यासारखा चिकटून असतो. त्याला तिथला भोग नाही. पण अडकलेला मात्र असतो, उपनिषद म्हणतं यातून बाहेर पडणं फार कठीण. आकाशापासून पावसापर्यंतचा प्रवास त्या मानाने लवकर उरकतो.

मग जळू खरी की पाऊस? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी हे जुळवलंय. जळू जे पुढचं पातं पकडते ते प्रत्यक्ष शरीर नव्हे. मरणाच्या वेळी कर्मामुळे पुढच्या देहाची भावना उभी राहते, मन तिथवर लांबतं, तेवढीच उपमा घ्यायची. शरीर मिळेपर्यंतचा रस्ता निराळा. मला हे जुळवणं पटतं, अर्थात मी त्यांच्याच घराण्यात वाढलो हेही त्यामागे असेल. तेव्हा भावाला सांगा, श्लोक बरोबर आहे, पण 'एव्हाना' हा शब्द त्यात नाही.

इथवरचं एकदा गोळा करतो. न्यायात जातं मन, सांख्यात लिंगशरीर, अद्वैतात सूक्ष्मशरीराची उपाधी, आणि रामानुज-मध्वांकडे जीव स्वतः. पहिल्या तिघांत जो मुक्त असतो तो कधी गेलेलाच नसतो. शेवटच्या दोघांत जो जातो तोच मुक्त होतो. तुमचा गोंधळ एवढाच झाला की प्रवचनातलं 'जात नाही' आणि सपिंडीतलं 'झाले पितर' ही दोन वाक्यं तुम्ही एकाच वस्तूला लावलीत.

सपिंडीत प्रत्यक्ष काय झालं ते आठवा. त्या वेळी डोळ्यांत पाणी असतं, कोणाचं लक्ष नसतं, म्हणून सांगतो. तीन गोल पिंड मांडले होते: तुमचे आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. चौथा लांबट, तो वडिलांचा, प्रेतपिंड. गुरुजींनी तुमच्या हातून त्याचे तीन भाग करवले आणि एकेक भाग एकेका पिंडात मिसळून पुन्हा गोल वळायला लावला. तोवर संकल्पात प्रत्येक वेळी वडिलांच्या नावाला 'प्रेत' शब्द लागत होता. तिथून पुढे तो गेला. वडील वसुरूप झाले, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप, आणि खापरपणजोबा तिघांच्या रांगेतून पुढे सरकले. 'पितर झाले' याचा अर्थ हा. ती नात्याच्या रांगेतली जागा आहे. मोक्ष नव्हे, पुनर्जन्मही नव्हे. आधीच्या दहा दिवसांचे पिंडही गरुडपुराणाच्या हिशेबाने वाटचालीसाठी देह घडवायला असतात, पहिल्या दिवशी डोकं आणि दहाव्याला भूक-तहान.

तरी तुमची शंका शिल्लक राहते, हे मला मान्य आहे. जन्म कर्माने ठरत असेल तर मुलाने दिलेल्या पिंडाने बापाला काय मिळणार? ही शंका घेणारे तुम्ही पहिले नाही. चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचे भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात श्राद्धाचा सगळा पसारा मांडताना स्पष्ट लिहिलंय की कर्म आणि पुनर्जन्म पक्के मानणाऱ्याला पिंडाने पूर्वज तृप्त होतात हे जुळवणं अवघड जाईल. आयुष्य धर्मशास्त्रात घालवलेल्या माणसाला हे लिहायला संकोच वाटला नाही, तर तुम्ही-मी कशाला वाटून घ्यावा? जुन्यांनी आपल्या परीने जुळवलंय. मत्स्यपुराण म्हणतं, बाप देव झाला असेल तर ते अन्न त्याला अमृत होऊन मिळतं, पशू झाला असेल तर गवत होऊन. म्हणजे पत्ता बदलला तरी टपाल पोचतं. युक्ती सुंदर आहे. नैयायिकाचं तिने समाधान होईल असं मात्र मी म्हणणार नाही.

मोक्षाबद्दल एक माझी फजिती सांगतो. भिक्षुकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मालवणच्या बाजूला एका घरी तेराव्याला मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "काकांना मोक्ष मिळाला, आता शोक करू नका." काकी ओटीवर बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "चाळीस वर्सां वडाक सूत गुंडाळलंय मी, सात जल्म मागून घेतलंय. आणि तुमी तेंका एका दिसात मोक्ष देवन मोकळे? माका इचारूक होयां होतां." सगळे हसले, त्यासुद्धा. मी नाही हसलो. वटपौर्णिमेला त्याच वडाखाली पूजा सांगणारा मीच होतो ना! तेव्हापासून मी 'मोक्ष मिळाला' म्हणत नाही, 'सद्गती मिळो' म्हणतो. मोक्ष देणं कोणत्याही दर्शनात भटजीच्या हातात नाही. ज्ञानाने म्हणा, विवेकाने म्हणा, शरणागतीने म्हणा, ज्याचा त्याला. आणि तो हवाच असतो असंही नाही. 'न लगे मुक्ती' म्हणून संतसंग मागणारे आणि त्यासाठी 'सुखें' गर्भवास पत्करणारे तुकोबा आपल्याकडे रोज म्हटले जातात. काकींची आणि त्यांची तक्रार एकच आहे असं म्हणत नाही, पण सहाही दर्शनांनी जन्म चुकवण्याचा खटाटोप केला आणि हे दोघे परत यायला तयार आहेत, याची मला अजून गंमत वाटते.

आता तुमच्यापुरतं. काय करावं हे तीन-चार गोष्टींवर अवलंबून आहे. घरचा आचार कोणता, आई काय मानते, आणि तुम्हाला स्वतःला कितपत पटतं. आईला वैकुंठात बरं वाटत असेल तर तिथे घटाकाश काढू नका. ते स्वतःसाठी ठेवा. वर्षश्राद्ध कवळे मठाच्या पद्धतीने तुमचे नेहमीचे गुरुजी सांगतील तसं करा, आणि संकल्प करताना वसुरूप शब्द येईल तिथे वडिलांचा चेहरा आणा, जन्मस्थान शोधू नका. अद्वैत पटलं असेल तरी अडचण नाही. शंकराचार्यांनीही व्यवहारात कर्माला जागा ठेवली आहे, चित्तशुद्धीची. अजिबात पटत नसेल, तर नुसतं चार जणांना जेवू घाला आणि गुरुजींना तसं सरळ सांगा. माझे काही यजमान असं करतात, आणि त्यांच्याशी माझं बोलणं तुटलेलं नाही. फक्त अर्धवट मनाने, घड्याळाकडे बघत, सगळं साग्रसंगीत करवून घेऊ नका. त्यात तुम्हीही अवघडता आणि आम्हीही.

शेवटी कावळा. तुमच्या लिहिण्यात तो दोन ओळींत उरकला आहे, पण मला वाटतं खरी बोच तीच आहे. बाबांचं काही राहिलं होतं का, असं रात्री मनात येत असेल. तर ऐका. सहाही दर्शनांत कुठे कावळा नाही. काकस्पर्श हा आचार आहे, आणि तो न झाला तर दर्भाचा कावळा करून पुढे जायचं हाही त्याच आचाराचा भाग, कमी प्रतीचा नव्हे. ज्येष्ठाच्या शेवटी खाडीकाठी पाऊस कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. तुम्हीच लिहिलंय की छत्री धरून पिंड झाकावा लागला आणि आसपास दहा-बारा माणसं उभी होती. छत्र्यांच्या गराड्यात भर पावसात कावळा येत नाही, माडाच्या झावळीत अंग चोरून बसतो. पावसाळ्यातल्या दहाव्यांना माझ्या बरोबरच्या सामानात दर्भाची जुडी नेहमी जरा जास्तच असते.